डिस्क, डाउनलोड आणि पुनर्पाठ : ‘सायलेंट हिल’ मालिकेच्या संदर्भात

प्रास्ताविक

कन्सोलवर खेळला जाणारा व्हिडिओ गेम विकत घेण्याचे आज दोन मार्ग आहेत. दुकानातून डिस्क आणता येते, किंवा कन्सोल-निर्मात्याच्या ऑनलाइन दुकानातून गेम थेट यंत्रात उतरवून घेता येतो. या दोहोंची तुलना बहुधा ग्राहकाच्या सोयीच्या अंगाने केली जाते. कोणता मार्ग स्वस्त, डिस्क ठेवायला जागा किती लागते, खेळून झाल्यावर ती विकता येते की नाही, असे प्रश्न त्यात येतात. ते गैरलागू नाहीत. परंतु व्हिडिओ गेम ही कलाकृती आहे आणि तिची समीक्षा होऊ शकते, हे एकदा मान्य केले की एक वेगळा प्रश्न उभा राहतो : प्रकाशकाने पाठ फिरवली तरी ही कृती अभ्यासकाला उपलब्ध राहते काय? पुनर्पाठावाचून समीक्षा संभवत नाही. कृतीकडे परत जाता आले नाही, तर उरते ती केवळ आठवण.

कोनामी या जपानी कंपनीने प्रकाशित केलेल्या ‘सायलेंट हिल’ या भयमालिकेतील दोन कृती या दृष्टीने बोलक्या आहेत. ‘सायलेंट हिल २’ (२००१) ही प्लेस्टेशन २ या कन्सोलसाठी डिस्कवर आली. ‘पी.टी.’ (२०१४) ही केवळ डाउनलोड म्हणून आली आणि डिस्कवर कधीच निघाली नाही.

‘सायलेंट हिल २’ : प्रत घराघरांत

जेम्स संडरलंड या नायकाला मृत पत्नीचे, मेरीचे, पत्र येते आणि तो धुक्याने भरलेल्या गावात तिला शोधायला येतो. अखेरीस त्याला आणि खेळणाऱ्यालाही उमगते ते असे की, मेरीचा जीव जेम्सनेच घेतला आहे. कथानक एवढेच सांगितले तर ते एखाद्या रहस्यकथेसारखे वाटेल. या कृतीचे सामर्थ्य मात्र खेळण्याच्या क्रियेत दडले आहे. नायकाच्या सामानात मेरीचे पत्र असते. गेम पुढे सरकतो तसा त्यावरील मजकूर पुसट होतो, कागद कोरा पडतो आणि शेवटी पत्रच नाहीसे होते. याकडे कोणीही लक्ष वेधत नाही. जो सामान पुन्हा उघडून पाहील त्यालाच ते कळते. शेवटही एक नाही. खेळणारा जखमी अवस्थेत किती वेळ वावरतो, अँजेला या दुसऱ्या दुःखी पात्राकडून आलेला सुरा किती न्याहाळतो, अशा त्याच्या नकळत घडणाऱ्या वर्तनावरून शेवट ठरत जातो. त्यांपैकी एक शेवट तर गेम एकदा पूर्ण केल्याखेरीज मिळत नाही. म्हणजे पुनर्पाठ ही इथे समीक्षकाची हौस नव्हे, ती संहितेनेच घातलेली अट आहे.

मार्च २०१२ मध्ये या गेमची सुधारित म्हणवली गेलेली आवृत्ती ‘एचडी कलेक्शन’ या संचात निघाली. तिच्यात धुके विरळ झाले आणि दिसू नयेत असे दृश्याच्या कडेचे भाग उघडे पडले. संवादही नव्याने मुद्रित करण्यात आले. जुने आवाज पर्याय म्हणून राहिले. मालिकेच्या पहिल्या भागात (१९९९) यंत्राची मर्यादा झाकण्यासाठी आलेले धुके दुसऱ्या भागापर्यंत जेम्सच्या आत्मवंचनेचे प्रतीक बनले होते. ते विरळ करणे म्हणजे कवितेतील विरामचिन्हे गाळण्यासारखेच होय. या निर्मितीशी संबंधित व्यक्तींनी नंतर सांगितले की, अंतिम रूपाचा मूळ सोर्स कोड कोनामीकडे शिल्लकच नव्हता. अपुऱ्या सामग्रीवर काम करावे लागले.

या घटनेचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. प्रकाशकाला स्वतःची कृती सांभाळता आली नाही. ती सांभाळली गेली गिऱ्हाइकांच्या कपाटांत. २०१२ची आवृत्ती मुळाशी प्रामाणिक नाही असे साधार म्हणता आले, कारण २००१ची डिस्क शेजारी ठेवून पडताळता येत होती. भांडारकर संस्थेला महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करता आली, कारण पोथ्या ठिकठिकाणी विखुरलेल्या होत्या आणि त्या सर्व एका हुकमाने परत मागवून घेणारे कोणी नव्हते. दोन्हींच्या काळात आणि योग्यतेत महदंतर आहे, हे सांगण्याची गरज नाही. पाठचिकित्सेची अट मात्र दोन्हीकडे एकच आहे.

‘पी.टी.’ : प्रत प्रकाशकाच्या हाती

१२ ऑगस्ट २०१४ रोजी ‘७७८०एस स्टुडिओ’ या काल्पनिक नावाने ‘पी.टी.’ प्लेस्टेशन ४ च्या ऑनलाइन दुकानात विनामूल्य अवतरली. एका घरातील काटकोनात वळणारा कॉरिडॉर, त्याच्या टोकाला दार, आणि दारापलीकडे पुन्हा तोच कॉरिडॉर. प्रत्येक फेरीत काहीतरी बदललेले असते : रेडिओवर कुटुंबाच्या हत्येची बातमी, किलकिले झालेले न्हाणीघराचे दार, पाठीमागे असू शकणारी एक स्त्री. संपूर्ण कृती पुनरावृत्तीच्या तत्त्वावर उभी आहे. ओळखीची जागाच अनोळखी करून टाकण्याची ही किमया मोजक्या साधनांत साधलेली आहे आणि भयरसाच्या अभ्यासात तिचे स्थान मोठे आहे. शेवटचे कोडे तर इतके संदिग्ध होते की, जगभरच्या खेळाडूंनी मिळून ते सोडवले; नेमक्या कोणत्या कृतीने दार उघडते यावर एकमत मात्र झाले नाही. ते उघडल्यावर कळले की, हिदेओ कोजिमा आणि चित्रपट-दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांच्या ‘सायलेंट हिल्स’ या नियोजित गेमची ही नांदी होती.

इथे डाउनलोडच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने नोंदवली पाहिजे. अशी निनावी, अचानक आणि फुकट येणारी कृती डिस्कच्या व्यवहारात जन्मालाच आली नसती. छापणे, वाहतूक, दुकानदाराची मागणी या साखळीत गुपित टिकणे कठीण. लहान निर्मात्यांचे कितीतरी चांगले गेम याच मार्गाने लोकांपर्यंत पोचले आहेत.

मात्र जन्म देणाऱ्या त्याच मार्गाने तिचा अंतही केला. एप्रिल २०१५ मध्ये ‘सायलेंट हिल्स’ रद्द झाला, २९ एप्रिलला ‘पी.टी.’ दुकानातून काढली गेली, आणि पुढे ज्यांनी ती आधी घेतली होती त्यांनाही पुन्हा उतरवून घेण्याची सोय बंद झाली. जी यंत्रात होती तेवढीच उरली. पोलंडच्या ब्लूबर टीमने २०१६ मध्ये ‘लेयर्स ऑफ फियर’ काढला. मागे वळून पाहताच घर बदलते, ही त्यातील कल्पना ‘पी.टी.’शी असलेले नाते लपवत नाही. याच संस्थेने २०२४ मध्ये ‘सायलेंट हिल २’ नव्याने घडवला. ही परंपरा कोणा अभ्यासकाला मांडायची झाल्यास २००१ची डिस्क आहे, २०१६चा गेम आहे, २०२४ची पुनर्निर्मितीही आहे. या साखळीतील निर्णायक दुवा मात्र कोणत्याही दुकानात वा ग्रंथालयात मागून मिळणार नाही.

विक्री आणि परवाना

या फरकाचे मूळ कायद्यात आहे. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका कादंबरीचा वाद आला. एक डॉलरपेक्षा कमी किमतीला ही प्रत विकल्यास हक्कभंग समजला जाईल, अशी सूचना प्रकाशकाने तिच्यात छापली होती. न्यायालयाने ती मानली नाही. एकदा विकलेल्या प्रतीवर प्रकाशकाचा असा ताबा चालत नाही, असे ठरवले. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये वापरलेल्या गेमच्या फेरविक्रीबाबत हेच तत्त्व स्वीकारले. आपल्याकडे १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १४ साहित्यकृतीच्या बाबतीत आधीच वितरणात आलेल्या प्रती वगळते. जुन्या पुस्तकांचे दुकान त्याच आधारावर चालते.

डाउनलोडमध्ये मात्र प्रत विकलीच जात नाही, वापराचा परवाना दिला जातो. बटणावर शब्द ‘खरेदी’ असतो, करारात ‘परवाना’. कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून ही तफावत ग्राहकाला स्पष्ट सांगणे सक्तीचे केले, यातच तिची कबुली आहे. महाविद्यालयीन ग्रंथालयाला हा अनुभव नवा नाही. नियतकालिकांचे बांधीव खंड वर्गणी थांबली तरी कपाटात राहतात. केवळ वर्गणीवर घेतलेल्या ई-नियतकालिकांचे दार तिच्याबरोबर बंद होऊ शकते.

डिस्कचा भाबडा कैवार

असे असले तरी डिस्कचे समर्थक बहुधा जो दावा करतात तो जसाच्या तसा मान्य करता येत नाही. डिस्क हाती असणे म्हणजे कृती हाती असणे, हे समीकरण आता ढिले झाले आहे. ‘द क्रू’ हा २०१४चा मोटारशर्यतीचा गेम डिस्कवर विकला गेला होता; ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्टने त्याचे सर्व्हर बंद केले आणि ती डिस्क निरुपयोगी झाली. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ साठी काही गेम ‘गेम-की कार्ड’ या रूपात विकले जातात. त्या कार्डात गेम नसतो, तो उतरवून घेण्याची किल्ली असते. डबी आहे, वेष्टन आहे, आत कृती नाही. ही डाउनलोडपेक्षाही अधिक फसवी अवस्था म्हणावी लागेल, कारण ती वस्तूचा भास टिकवून वस्तू काढून घेते. अर्थात कार्ड उसने देता येते, विकताही येते. ग्राहकाचा काही हक्क उरतो, अभ्यासकाचा उरत नाही.

डिस्कवर संहिता खरोखर असते तेव्हा मात्र तिचे मोल वेगळेच आहे. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ अत्यंत सदोष अवस्थेत आला. सोनीने काही दिवसांतच तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि जून २०२१ मध्ये परत ठेवला. मधल्या काळात डिस्क दुकानांत होतीच. सप्टेंबर २०२३च्या २.० या दुरुस्तीने त्याचे स्वरूप इतके बदलले की तो जवळपास दुसराच पाठ ठरावा. सामान्य खेळाडूला सुधारलेला पाठच हवा, आणि ते योग्यच आहे. परंतु २०२०मधील समीक्षा नेमकी कशाविषयी होती, हे ठरवायला मुळातली सदोष डिस्कच लागते.

अमेरिकेत ग्रंथालये व अभिलेखागारे यांनी बाजारात न मिळणारे जुने गेम संशोधकांना दुरून पाहू देण्यासाठी कायद्यात सवलत मागितली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती नाकारण्यात आली. त्याआधी, २०२३ मध्ये, व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेच्या पाहणीत २०१०पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्ध नसल्याचे आढळले होते. त्यांतील पुष्कळांच्या डिस्क किंवा कार्ट्रिज निदान जुन्या बाजारात शोधता तरी येतात. ‘पी.टी.’चा मूळ पाठ पाहायचा असेल, तर ती दुकानातून जाण्यापूर्वी उतरवून घेतलेले आणि तेव्हापासून न पुसलेले प्लेस्टेशन ४ शोधावे लागते. अशी यंत्रे चढ्या भावाने विकली गेली आहेत. त्यांतील हार्ड डिस्क आता दहा वर्षांहून जुन्या झाल्या आहेत.