फासे, कार्डे आणि कॅचरची चूक: एका प्रतिमानाचे परीक्षण

१. प्रश्न

बुक क्रिकेट आपण सर्वांनी खेळलेले आहे. पुस्तक उघडायचे, डावीकडच्या पानाच्या क्रमांकाचा शेवटचा अंक म्हणजे धावा आणि शून्य आला की बाद. डावे पान नेहमी सम असते. म्हणून ०, २, ४, ६, ८ हे पाचही अंक समसंभाव्य मानले, तर बाद होण्याची संभाव्यता १/५ येते. या खेळात गोलंदाज नाही, यष्टिरक्षक नाही, त्यामुळे झेल सुटण्याचा प्रश्नच येत नाही.

अमेरिकेत बेसबॉलचे असेच फाशांचे खेळ निघाले, पण त्यांनी खऱ्या खेळाडूंच्या हंगामी आकडेवारीवरून प्रत्येकाचे कार्ड तयार केले. त्यांपैकी १९५१ चा 'एपीबीए' आणि १९६१ चा 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' हे दोन खेळ आपण येथे तपासू. निकष एकच: कॅचरची चूक खेळ कोणाच्या खात्यावर टाकतो?

२. नियम काय म्हणतो

बेसबॉलमधला कॅचर म्हणजे साधारण आपला यष्टिरक्षक. पिचरचा चेंडू त्याच्याकडून निसटला आणि बेसवरचा धावक पुढे सरकला, तर गुणलेखकाला निर्णय द्यावा लागतो. साधारण प्रयत्नात अडवता येण्याजोगा चेंडू असेल तर तो 'पास्ड बॉल', म्हणजे दोष कॅचरचा. चेंडूच वेडावाकडा असेल तर 'वाइल्ड पिच', म्हणजे दोष पिचरचा. पास्ड बॉलमुळे झालेली धाव पिचरच्या सरासरीत धरली जात नाही, वाइल्ड पिचमुळे झालेली धरली जाते. घटना तीच असली तरी नोंद कोणत्या रकान्यात पडते यावर दोन खेळाडूंचे आकडे ठरतात.

३. एपीबीए: बेरजेत हरवलेला कॅचर

एपीबीएमध्ये दोन फाशांची बेरीज करत नाहीत. एक फासा दशक आणि दुसरा एकक धरून ११ ते ६६ पर्यंतचे ३६ समसंभाव्य निकाल मिळतात. ही रचना सुबक आहे. अडचण क्षेत्ररक्षणात आहे. मूळ नियमांत नऊ जणांच्या गुणांची बेरीज करतात: ४१ किंवा अधिक असेल तर संघ पहिल्या श्रेणीत, ३६ ते ४० असेल तर दुसऱ्या आणि ३५ किंवा कमी असेल तर तिसऱ्या श्रेणीत. चुका या श्रेणीवरून ठरतात.

उदाहरण घेऊ. इतर आठ जणांची बेरीज ३० आहे. कॅचर ९ गुणांचा असला तर ३९, ७ गुणांचा असला तर ३७. श्रेणी दोन्ही वेळा दुसरीच, म्हणजे उत्तम आणि सामान्य कॅचरमध्ये क्षेत्ररक्षणाच्या श्रेणीपुरता फरक शून्य. आता इतरांची बेरीज २८ धरा. ९ गुणांच्या कॅचरसह ३७, ७ गुणांच्या कॅचरसह ३५. श्रेणी एकदम घसरते आणि कॅचर बदलल्यामुळे शॉर्टस्टॉपच्या चुका वाढू शकतात! वास्तवात असा कार्यकारणसंबंध नाही. सलग बदलणाऱ्या राशीला पायऱ्यांमध्ये कोंबल्याचा हा परिणाम आहे.

४. स्ट्रॅट-ओ-मॅटिक: वेगळे आकडे, जुनी गफलत

या खेळाच्या प्रगत नियमांत कॅचरच्या कार्डावर क्षेत्ररक्षणाची प्रत, चुका, फेकीची ताकद, फेकीतली चूक आणि पास्ड बॉल यांचे आकडे वेगवेगळे असतात. वाइल्ड पिचचा आकडा पिचरच्या कार्डावर असतो. गुणलेखनाच्या नियमातला भेद येथे पाळला जातो. या बाबतीत हा खेळ निश्चितच सरस आहे.

तरी एक दोष उरतो. टेक्सास रेंजर्सचा कॅचर जीनो पेट्रॅली याच्या नावावर १९८७ मध्ये ३५ पास्ड बॉल लागले. आधुनिक काळातला हा विक्रम आहे. पण त्याच संघात चार्ली हफ हा नकलबॉल टाकणारा पिचर होता. नकलबॉल जवळजवळ न फिरता येतो आणि वाटेत कुठे वळेल हे टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही. मग ३५ हा आकडा पेट्रॅलीचा म्हणायचा की त्या जोडीचा?

काल्पनिक आकडे घेऊन पाहू. एक कॅचर १०० सामने खेळला. नकलबॉल पिचरसोबत ३० सामन्यांत २४ पास्ड बॉल, इतरांसोबत ७० सामन्यांत ७. एकूण सरासरी ३१/१०० = ०.३१. सशर्त सरासरी मात्र २४/३० = ०.८ आणि ७/७० = ०.१. कार्डावर फक्त ०.३१ छापले, तर साध्या पिचरसोबत हा कॅचर खऱ्यापेक्षा तिप्पट वाईट ठरेल आणि नकलबॉलसमोर निम्म्याहून कमी चुका करील. हंगामाची बेरीज जुळेल, पण संघ बदलून खेळायला बसलात की प्रतिमान कोसळेल. आणि असे खेळ लोक घेतात ते नेमके त्यासाठीच. उपाय अवघड नाही: कॅचरचा मूळ आकडा आणि पिचरच्या कार्डावर 'अडवायला किती कठीण' असा गुणक.

५. आपल्या मैदानावर

क्रिकेटमध्ये ही अडचण आणखी खोल आहे, कारण तेथे नोंदच नसते. १९९० च्या लॉर्ड्स कसोटीत ग्रॅहम गूच ३६ वर असताना यष्टिरक्षक किरण मोरे यांच्याकडून झेल सुटला. गूचने ३३३ केल्या. त्या २९७ धावा धावफलकात गोलंदाजांच्या नावावर आहेत. सुटलेल्या झेलाला रकाना नाही. बेसबॉलमध्ये फलंदाजाची पाळी लांबवणारा सुटलेला सोपा फाउल झेलसुद्धा 'चूक' म्हणून नोंदतात. फाशांचा क्रिकेट खेळ केवळ धावफलकावरून बनवला, तर त्यातला यष्टिरक्षक बुक क्रिकेटइतकाच अदृश्य राहील.

६. निष्कर्ष

प्रतिमान तपासताना एकूण बेरीज जुळली यावर समाधान मानू नये. परिस्थिती बदलल्यावर ते दोष योग्य ठिकाणी टाकते का, हे पाहावे. यंत्राचा बिघाड, प्रयोगशाळेतले जोडीने घेतलेले वाचन किंवा गटाचा प्रकल्प, सर्वत्र हाच प्रश्न येतो. जोडीचा दोष एकाच्या कार्डावर छापणे हे गणितात चूक आहे आणि त्या माणसावर अन्यायही.

स्वाध्याय

१) इतर आठ जणांच्या गुणांची बेरीज किती असेल तेव्हा ९ ऐवजी ७ गुणांचा कॅचर घेतल्याने एपीबीएची श्रेणी बदलते? सर्व किमती काढा.
२) वरील उदाहरणात नकलबॉलचे सामने ३० ऐवजी ६० असते, तर कार्डावरची सरासरी किती आली असती? सशर्त सरासरी तीच ठेवा.
३) बुक क्रिकेटमध्ये 'झेल सुटला' हा निकाल आणणारा नियम सुचवा आणि बाद होण्याची नवी संभाव्यता काढा.