गज खाली की वर? लिओपोल्ड मोझार्टच्या एका नियमाविषयी

आज आपण व्हायोलिन शिकवणारं एक जुनं पुस्तक तपासणार आहोत. लिओपोल्ड मोझार्टने ते १७५६ साली आउग्सबुर्गला छापलं. त्याच वर्षी त्याचा मुलगा वोल्फगांग जन्मला, आणि पुढे मुलाच्या कीर्तीत बापाचं पुस्तक झाकलं गेलं. त्याचं चौथं प्रकरण गजाच्या दिशेवर आहे. गज खाली कधी ओढायचा आणि वर कधी न्यायचा, एवढाच विषय.

पहिला नियम असा : प्रत्येक आवर्तनखंडाचा पहिला स्वर, तिथे विराम नसेल तर, गज खाली ओढून वाजवावा. त्यापायी लागोपाठ दोनदा खाली ओढावं लागलं तरी हरकत नाही. (आपल्या समेशी तुलना करा हवी तर; फक्त ही सम दर दोन-चार मात्रांनी येते.) नियमामागचं कारण सरळ आहे. गज हाताशी जड, टोकाला हलका. खाली ओढताना सुरुवात हाताजवळून होते, म्हणजे वजन आपोआप पहिल्या मात्रेवर पडतं.

पण पाच वर्षं आधी, १७५१ साली, लंडनमध्ये जेमिनियानीने आपल्या पुस्तकात याच नियमाला चक्क भिकार ठरवलं होतं. मग खरं कोणाचं? आमच्या मते हा वाद सिद्धान्ताचा कमी, पेशाचा जास्त आहे. मुफातने १६९८ मध्ये ल्युलीच्या वादकांची गज ओढण्याची शिस्त लिहून ठेवली, ती नाचाच्या संगीतासाठी. तिथे सगळ्यांचे गज एका दिशेने जायला हवेत आणि नाचणाऱ्याच्या पायाला ठोका कळायला हवा. जेमिनियानी कोरेल्लीचा शिष्य, एकट्याने वाजवणारा. त्याला ती गरज कशाला?

‘खाली’ या दिशेत पवित्र असं काही नाही, हेही लक्षात घ्या. व्हिओला दा गांबा वाजवताना तळहात वर करून, खालच्या बाजूने गज धरतात. तिथे जोराचा फटका आत ढकलण्याचा असतो. सिम्पसनचं १६५९ चं पुस्तक तेच शिकवतं. पकड बदलली की नियम उलटा!

आता आमचा मुख्य आक्षेप. लिओपोल्ड पाचव्या प्रकरणात स्वर कसा कमवावा ते सांगतो. हळू सुरू करा, मध्ये फुलवा, पुन्हा हळू करा. गज खाली जात असो की वर. वा! म्हणजे जोर गजावर कुठेही देता येतो. मग चौथ्या प्रकरणातली सक्ती उरते कशाला? आपल्या व्याकरणकारांच्या भाषेत तो उत्सर्ग आहे, अपवादांची वाट पाहणारा. अतिद्रुत लयीत तो नियम सोडावा लागतो, हे लिओपोल्ड स्वतःच सांगतो. आम्ही त्याच्या जागी असतो तर पाचवं प्रकरण आधी घातलं असतं.

हे आम्ही ठेच लागल्यावर बोलतोय बरं का. निवृत्तीनंतर व्हायोलिन शिकायला लागलो. शिक्षक प्रत्येक स्वरावर पेन्सिलीने खुणा करून देत : खालीसाठी चौकट, वरसाठी चिमटा. आम्ही त्या इमानाने पाळल्या. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेलं, नियम पाळण्यात कसर कशी ठेवू? एक दिवस खुणा नसलेलं पान समोर आलं. चौथ्या खंडात लांब स्वर उभा आणि आमचा गज टोकाशी संपलेला! दिशा आम्हाला पाठ होती. पुढच्या स्वराला किती गज लागेल, हा विचारच कधी केला नव्हता. गाणाऱ्याला तो करावाच लागतो, कारण श्वास संपतो. गजाननबुवा जोशी गायकही होते आणि व्हायोलिनवादकही, हे इथे आठवावं.

जेमिनियानीची बाजू मात्र नवशिक्याने घेऊ नये. त्याची मोकळीक ज्याचा हात तयार आहे त्याला शोभते. हल्ली आम्ही खुणा पुसतो आणि तेच चार खंड आधी लिओपोल्डच्या नियमाने, मग उलट दिशेने वाजवतो. गज वर नेत पहिल्या मात्रेवर येताना आमचा स्वर अजून पातळ पडतो.