घराणे आणि गळा : एका गृहीतकाचा विचार

वामनराव देशपांडे यांचा ‘घरंदाज गायकी’ हा ग्रंथ १९६१ साली गिरगावच्या मौज प्रकाशनाने प्रसिद्ध केला आणि मराठी संगीतसमीक्षेला एक सुसंगत उपपत्ती लाभली. व्यवसायाने हिशेबतपासनीस असलेल्या या ग्रंथकाराने घराण्यांचा ताळेबंद स्वर व लय या दोन रकान्यांत मांडावा, हे त्यांच्या वृत्तीस साजेसेच होते. या मांडणीची चर्चा पुष्कळ झाली. परंतु घराण्याची वैशिष्ट्ये त्याच्या प्रवर्तकाच्या आवाजाच्या धर्मातून निपजतात, हे तिच्या बुडाशी असलेले गृहीतक बहुधा न तपासताच स्वीकारले जाते.

आवाज म्हणजे नेमके काय? मराठीत गळा, कंठ, घसा हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. गवयाचा ‘गळा’ म्हटले की दमसासापासून नाकातल्या घुमाऱ्यापर्यंत सारे त्यात सामावते. शरीररचनेच्या दृष्टीने ही तीन निराळी कार्ये होत. फुप्फुसांतील हवा हे चालक बल. त्या हवेने स्वरयंत्रातील दोन स्वरतंतू कंप पावतात. प्रौढ पुरुषात त्यांची लांबी सुमारे २ सेंटिमीटर असते आणि त्यांचा ताण मुख्यतः मुद्रिका व अवटू या दोन कूर्चांना जोडणारा स्नायू वाढवितो. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची सुमारे १७ सेंटिमीटरांची पोकळी, आणि मऊ टाळू खाली आला असता नाकही, त्या नादाला रंग देते.

हा भेद लक्षात घेतला की अल्लादियाखाँ यांच्याविषयीचे प्रचलित स्पष्टीकरण अपुरे वाटू लागते. तरुणपणी दरबारातील अतिगायनाने खाँसाहेबांचा आवाज बसला, तो परतला तेव्हा पूर्वीचे माधुर्य उरले नव्हते, म्हणून त्यांनी पेचदार तानांची गायकी घडविली, असे सांगतात. इजा स्वरतंतूंना झाली असेल तर माधुर्य का गेले ते कळते. पण पेचदार तान का आली ते कळत नाही. घोगऱ्या आवाजात स्वरतंतू पुरते मिटत नाहीत, हवा वाया जाते व श्वास लवकर सरतो. जयपूर गायकीला तर लांब दमाची, न तुटणारी तान हवी! म्हणजे ज्या अवयवाला दुखापत झाली, त्याच्यावरच सर्वांत जड ओझे टाकणारी ही शैली आहे. शिवाय १९४६ मध्ये मुंबईत खाँसाहेब निवर्तले त्यापूर्वीच केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर या परस्परांहून अगदी भिन्न आवाजांत तीच गायकी स्थिरावली होती. व्याधीने एक वाट बंद केली असेल. दुसरी कोणती धरावी, हे बुद्धीने ठरविले.

हेच तर्कट रसिकांनी पुढे कुमार गंधर्वांना लावले. ऑपेरा हाऊसजवळच्या प्रा. बा. र. देवधरांच्या शाळेत घडलेला हा गायक क्षयाने ग्रासला, १९४८ मध्ये देवासला गेला, एक फुप्फुस निकामी होऊनही पुन्हा गाऊ लागला. आणि त्याची छोट्या स्वरखंडांची गायकी ही आजाराची देणगी ठरली. येथे बिघाड भात्यात होता, स्वरयंत्रात नव्हे. श्वास तोकडा असला म्हणजे खंडाची लांबी मर्यादित होते हे खरे. पण तारस्थानी एकाएकी जोरकस फेकलेला स्वर, ही कुमारांची ओळखीची खूण, फुप्फुसांतील दाब वाढविल्यावाचून निघत नाही. हवेची काटकसर करणारा गवई ती फेक सर्वप्रथम टाळील. ध्वनिमुद्रणे ऐकताना खंड कोठे तुटतो एवढ्यावर न थांबता त्यानंतर श्वास घेतला जातो की नुसते मौन पाळले जाते, हेही टिपले पाहिजे. समीक्षक मात्र चरित्रावर विसंबतात.

वामनरावांचे गृहीतक किराणा घराण्याला त्यातल्या त्यात अधिक लागू पडते. अब्दुल करीमखाँ यांच्या स्वरलगावाची छटा मुख्यतः वरच्या पोकळीची आहे आणि घराण्याच्या ओळखीत तिला मोठे स्थान आहे. तथापि जीभ, टाळू व जबडा यांची ठेवण सरावाने बदलता येते. शिष्य ती उचलतात, क्वचित गुरूच्या लकबींसकट. मग जिला प्रवर्तकाचा निसर्गधर्म म्हणावयाचे, ती छटाही काही अंशी शिकविलेलीच ठरते.