नाव उशिरा घेण्याची विद्या

एमबीबीएसनंतर त्वचारोगाच्या एमडीला आलेल्या रेसिडेंटला सुरुवातीलाच एक गोष्ट बजावली जाते: रोगाचे नाव घ्यायचे नाही. समोरच्या पोटरीवर गजकर्ण आहे हे पेशंटच्या आईलाही कळलेले असते, पण केस सांगताना त्या शब्दाला बंदी. सांगायचे ते असे: डाव्या पोटरीच्या बाहेरच्या अंगाला एकच गोल चट्टा, साधारण पाच सेंटिमीटरचा; कड स्पष्ट आणि उंचावलेली, कडेवर बारीक पुरळ आणि कोंडा; मधला भाग सपाट, किंचित काळसर, जवळपास बरा झालेला. बाहेरच्या माणसाला हा निव्वळ पाल्हाळ वाटेल. पण या वर्णनातला एकही शब्द रिकामा नाही. बुरशी कातडीतल्या केराटिनवर जगते आणि बाहेरच्या दिशेने सरकत जाते, म्हणून कड जागी आणि मध्य शांत. साहजिकच तपासणीसाठी कोंडा खरवडायचा तो कडेचा, मग तो १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. पाते कुठे टेकवायचे हे वर्णनानेच सांगून टाकलेले असते. निरीक्षण असे आपसूक हाताच्या कृतीत उतरते, ते पाहण्यासारखे असते.

अलीकडे मात्र हा मजकूर पेशंटच खोडून आणतो. केमिस्टकडून विनाचिठ्ठी घेतलेली स्टेरॉइडमिश्रित ट्यूब महिना-दोन महिने चोळली, की लाली ओसरते, कड पुसट होते, कधी रिंगणाच्या आत दुसरे रिंगण उमटते. शिकाऊ डोळा इथे फसतो. मुरलेला डोळा जे दिसते त्यापेक्षा जे दिसायला हवे होते आणि दिसत नाही, त्याच्यावर थांबतो आणि विचारतो, ‘काका, कुठली ट्यूब लावत होता? पिशवीत आहे का?’ अशा चट्ट्याच्या कोंड्यात बुरशीचे तंतू पुष्कळदा भरभरून सापडतात, कारण स्टेरॉइडने त्वचेची प्रतिक्रिया दाबलेली असते, बुरशीला रान मोकळेच असते.

ही वर्णनाची शिस्त जुनी आहे. लंडनच्या रॉबर्ट विलनने १८०८ च्या आपल्या ग्रंथात त्वचेचे आजार डोळ्यांना दिसणाऱ्या मूळ आकारांवरून लावले आणि तीच वाट आजही चालू आहे. मॅक्यूल, पॅप्यूल, व्हेसिकल हे शब्द पाठ व्हायला एक संध्याकाळ पुरते. पण हा विषय नुसत्या डोळ्यांचा नाही, हे पहिल्याच शब्दात कळते. डोळे मिटून बोट फिरवावे. रंग बदललेला असून बोटाला काहीच लागत नसेल तर तो मॅक्यूल, लागले तर पॅप्यूल.

रंगाचे शिक्षण आपल्याकडे अधिक अवघड, आणि म्हणून अधिक रसाचे. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतली छायाचित्रे बहुतेक गोऱ्या कातडीची. त्यांतली टवटवीत लाली आपल्या सावळ्या त्वचेवर जांभळट, तपकिरी, कधी राखाडी होऊन बसते. रेसिडेंटला ती शोधायला शिकवतात: शेजारच्या निरोगी कातडीशी ताडून पाहा, हाताची पाठ टेकवून ऊब पाहा. मग येते काचेची साधी पट्टी. ती चट्ट्यावर दाबली आणि रंग विरला, तर रक्त अजून वाहिन्यांतच आहे. रंग जिथल्या तिथे राहिला तर ते वाहिनीबाहेर झिरपले आहे. लायकेन प्लेनस या आजाराच्या चपट्या, जांभळट पुळीवर तेलाचा एक थेंब सोडून भिंग धरले, की पृष्ठभागावर विखुरणारा प्रकाश आवरतो आणि पांढऱ्या रेषांची नाजूक जाळी वर येते. विकम या त्वचारोगतज्ज्ञाने ती १८९५ मध्ये नोंदवली. भोवती लेझरची महागडी यंत्रे असताना एका थेंब तेलाने निदान पक्के व्हावे, यातली ऐट मला फार आवडते.

सोरायसिसचा चट्टा खरवडणे हीदेखील अशीच तीन अंकी कृती आहे. काचेच्या कडेने हलके घासले, की आधी मेणासारखा रुपेरी कोंडा सुटतो. आणखी घासले की खाली ओलसर, चिकटून बसलेला पापुद्रा लागतो. तो निघाला की टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटतात. ऑस्पिट्झचे चिन्ह ते हेच. कातडीचा वरचा थर जिथे विरळ झालेला असतो, नेमक्या तिथेच खालच्या फुगलेल्या केशवाहिन्या वर आलेल्या असतात. जे पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणार, ते काचेच्या कडेने आधीच दाखवलेले असते. हे चिन्ह प्रत्येकात सापडत नाही आणि इतर काही आजारांतही दिसते, एवढे भान मात्र ठेवावे लागते.

बायोप्सीचे शिक्षण म्हणजे जागेचे शिक्षण. तीन-चार मिलिमीटरचा पंच फिरवणे कुणालाही जमेल. प्रश्न आहे तो कुठे फिरवायचा. पेम्फिगससारख्या फोडांच्या आजारात दोन तुकडे घेतात. पेशींची मोडतोड पाहायची तर अगदी ताजा, छोटा फोड निवडायचा आणि तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा. प्रतिपिंडे पाहायची असतील, तर फोडाला खेटून असलेली, वरून धडधाकट दिसणारी त्वचा घ्यायची आणि तिला फॉर्मॅलिनचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. रोग जिथे दिसत नाही तिथून पुरावा उचलण्याची ही समज या शाखेतली सर्वांत तरल गोष्ट असावी.

पदवीच्या नावात त्वचारोगाबरोबर गुप्तरोग आणि कुष्ठरोगही आहेत. आजकाल गुणवत्ता यादीतली वरची मुले ही शाखा निवडतात, तेव्हा ‘कॉस्मेटिक’चे आकर्षण अनेकांच्या मनात असते, शेवटचा शब्द त्यांना सरकारी ओपीडीत भेटतो. गुप्तरोगांत मुख्य हत्यार म्हणजे बंद दार आणि न चाचरता विचारलेले प्रश्न. अंगभर पुरळ आहे, पण खाज नाही, असे ऐकले की चाणाक्ष रेसिडेंट आधी तळहात उघडायला सांगते, कारण सिफिलिसचा दुसरा टप्पा तिथेही उमटतो.

कुष्ठरोगाच्या तपासणीवर मात्र रेंगाळायलाच हवे. फिकट चट्टा दिसला, की आधी तो कोडासारखा पार पांढरा आहे की नुसता उतरलेल्या रंगाचा, हे ठरवायचे. लोकांनी या दोन आजारांची पिढ्यानपिढ्या गल्लत केली आहे. अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्पच्या अतिनील प्रकाशाखाली कोड खडूसारखे लख्ख उजळते, कुष्ठाचा चट्टा तसा उजळत नाही. मग संवेदना. ‘आजोबा, डोळे मिटा. लागलं की तिथं बोट ठेवा.’ कापसाचे टोक टेकवायचे, घासायचे नाही. गरम आणि थंड पाण्याच्या दोन परीक्षानळ्याही हाताशी असतात, कारण बहुधा उष्ण-शीताची जाण आधी जाते. आणि चट्टा चेहऱ्यावर असेल तर संवेदना शाबूत निघाली म्हणून हुरळून जायचे नाही. चेहऱ्याला मज्जातंतूंचा पुरवठा इतका दाट असतो, की तिथे बधिरपणा उशिरा पकडता येतो.

त्यानंतर नसा चाचपायच्या. कोपराजवळची अल्नर नस पाहताना हस्तांदोलन केल्यासारखा पेशंटचा हात आपल्या हातात घ्यायचा, कोपर किंचित वाकवायचे आणि दुसऱ्या हाताच्या बोटांच्या पेरांनी हाडाच्या खोबणीत नस शोधायची. नखे लावायची नाहीत. दुसऱ्या बाजूशी ताडून ती जाड आहे का, हे ठरवायचे. हे चालू असताना नजर कोपरावर नसते, पेशंटच्या चेहऱ्यावर असते. नस दुखरी असेल तर ते आधी भुवयांना कळते. ज्या आजाराच्या माणसाला शिवणे लोक टाळत आले, त्याची तपासणी हात हातात घेऊन सुरू व्हावी, हे कुणी मुद्दाम योजले नसेल, पण घडले आहे सुरेख.

डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजारांत एकाच्या खाली आले, तरी आजही वर्षाला लाखभराहून अधिक नवे रुग्ण सापडतात. म्हणून त्वचेतल्या रसाचा स्मिअर अजून शिकवला जातो. कानाची पाळी चिमटीत धरायची, ती रक्तहीन पांढुरकी होईपर्यंत दाबायची, पाच मिलिमीटर लांब आणि दोन-तीन मिलिमीटर खोल छेद घ्यायचा, मग पाते काटकोनात वळवून छेदाची आतली बाजू खरवडायची. हवा असतो तो ऊतींचा रस. रक्त मिसळले की जंतूंची मोजणी फसवी होते, आणि ही मोजणी शून्यापासून सहापर्यंतच्या अशा मापावर चालते, की प्रत्येक पायरीला जंतू दहापट वाढतात. त्यामुळे सगळी मदार त्या चिमटीवर. कापून, खरवडून, काचेवर पसरण्यापुरता रस पात्यावर येईपर्यंत ती अर्ध्या क्षणासाठीही सैल पडत नाही. तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटचा डावा हात हे काम करत असताना पाहावा. उजव्याकडे लक्षही जात नाही.