हंटरवाली
हंटरवाली : (१९३५). मुंबईच्या वाडिया मूव्हिटोन या संस्थेचा गाजलेला हिंदी साहसपट. दिग्दर्शक होमी वाडिया. प्रमुख भूमिका नादिया (मूळ नाव मेरी इव्हान्स, १९०८–९६) हिची. वझीर राणामल राजाला कैद करतो, तेव्हा राजकन्या माधुरी मुखवटा चढवते व हंटर (चाबूक) हाती घेऊन गोरगरिबांची कैवारी बनते, असे त्याचे कथानक.

होमींचे ज्येष्ठ बंधू जे. बी. एच्. वाडिया हे डग्लस फेअरबँक्सचे चाहते होते. फेअरबँक्सच्या द मार्क ऑफ झोरो (१९२०) या चित्रपटातील मुखवटाधारी कैवाऱ्याचे कार्य येथे स्त्रीकडे आले. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जन्मलेल्या, सुवर्णकेशी नादियाने सर्कशीत काम केले होते. तिचे हिंदी उच्चार सदोष असले, तरी घोडदौड, उड्या व झुंजी यांनी ती उणीव भरून काढली. वितरक मिळेनात, म्हणून वाडियांनीच प्रदर्शनाची जबाबदारी घेतली; चित्रपट पंचवीसहून अधिक आठवडे चालला.

कथानक ढोबळ आहे. अन्यायाचे निवारण प्रजा करीत नाही, राजकन्या करते. त्यामुळे राजसत्तेच्या चौकटीला धक्का बसत नाही. तथापि सोशिक नायिकांच्या त्या काळात स्त्रीचे शारीरिक सामर्थ्य त्याने हसतखेळत दाखविले आणि त्याबद्दल तिला पश्चात्ताप करावयास लावला नाही, हे त्याचे खरे महत्त्व. हंटरवाली की बेटी हा त्याचा उत्तरभाग १९४३ मध्ये निघाला.