व्यभिचार : शब्द एक, मापं दोन

डोंगरकड्याला निघताना आमचे एक स्नेही म्हणाले, "सर, गावात असला विषय कशाला?" आम्ही म्हणालो, शब्द गावात वापरला जातो, मग त्याची झडतीही गावातच व्हावी.

हा शब्द आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवला, तिथं कुणी लाजलं नाही. न्यायशास्त्रात व्यभिचार म्हणजे हेतूचा दोष. जिथं धूर तिथं विस्तव, हा नियम टिकतो. तो उलटा करून बघा : जिथं विस्तव तिथं धूर. लोहाराच्या भट्टीतून काढलेल्या लालबुंद लोखंडात विस्तव आहे, पण धूर नाही. नियम ढळला, म्हणजे व्यभिचार झाला. पण नैयायिक लोखंडाला शिव्या देत नाही. तो म्हणतो, नियमच चुकीचा बांधला होता. नाट्यशास्त्रात तर ३३ व्यभिचारी भाव आहेत. ते येतात आणि जातात, त्यात पाप कसलं?

संसारात मात्र हा शब्द माणसावर डाग होऊन बसतो, आणि तोही सारखा नाही. पुरुष असेल तर 'बाहेरख्याली', 'रंगेल', तेही हसत हसत. बाई असेल तर शिवी, आणि ती लेकरांपर्यंत जाते. कायदाही तसाच होता. दंड संहितेच्या कलम ४९७ नुसार दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार ठरे. नवऱ्याची संमती असली की गुन्हाच नाही! म्हणजे बायको ही मालमत्ता. सर्वोच्च न्यायालयानं २७ सप्टेंबर २०१८ रोजी हे कलम रद्द केलं. त्याच्या कितीतरी आधी, १९३१ साली, र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य'मध्ये या प्रश्नावर लिहिलं, तर त्यांच्यावर खटला होऊन शंभर रुपये दंड झाला.

कुणी म्हणेल, सर, मग काहीही चालतं का? नाही. विश्वास मोडला की जखम होतेच, आणि ती खरी असते. पण तिच्यासाठी आपल्याकडे 'प्रतारणा' हा शब्द आहे. व्यभिचार म्हटलं की आपण समाजाचा नियम बघतो. प्रतारणा म्हटलं की जिची किंवा ज्याची फसवणूक झाली, त्या माणसाकडे बघतो.

तेव्हा पारावर कुणाचं नाव घेण्याआधी एवढंच विचारा : नियम कुणी बांधला, आणि तो दोघांना सारखा लागतो का? लागत नसेल, तर खोट आधी नियमात शोधा.