यशोगाथेतील अनुपस्थित शेजारी

कृषिविषयक व्यवसायोपयोगी गद्य वाङ्मयबाह्य मानून मराठी समीक्षेने त्याची चिकित्सा बहुधा टाळली आहे. कृषिनियतकालिकांनी आणि २००५पासून ‘अ‍ॅग्रोवन’ या दैनिकाने परिचित केलेला ‘यशोगाथा’ हा प्रकार या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. जालना जिल्ह्यातील कडवंची हे त्याचे जणू आदर्श स्थळ: पाणलोट विकास, शेततळी, द्राक्षबागा, समृद्धी असा कार्यकारणाचा सरळ क्रम तेथे उपलब्ध होतो. परंतु शेततळे विहिरीच्या पाण्याने भरले जाते, तेव्हा एकाची साठवण शेजाऱ्याची टंचाई ठरू शकते. एकनायकी कथनरूपात या शेजाऱ्याला स्थान नसते. कादंबरीतील मौन अर्थनिर्णयनाला वाव देते. येथे मात्र त्या मौनावर विसंबून वाचक कर्ज काढू शकतो. म्हणूनच या गद्याची समीक्षा शैलीइतकीच प्रामाण्याचीही असावी लागते.